तिकिटाचे पैसे कुणी दिले?

चुलीपाशी, गोठ्यात, शिलाई मशीनवर रेडिओ लावून बसलेल्या साऱ्याजणींना नमस्कार, आणि डाळिंबाच्या बागेत काम करता करता ऐकणाऱ्या भावांनाही. मागच्या खेपेला आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं ते बोललो. त्यावर बरेच फोन आले, त्यांची उत्तरं पुढच्या वेळी देऊ. आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्यात आमची स्वतःचीही गोष्ट आहे, आणि ती सांगताना आम्हाला जरा संकोच वाटतोय, हे आधीच कबूल करतो.

ज्यांची ही गोष्ट आहे त्या सगळ्यांना विचारूनच आज बोलतोय. गावाचं नाव सांगणार नाही, वर्षं थोडी मागंपुढं केली आहेत. ओळखीचं वाटलं तरी ओळखायचा प्रयत्न करू नका.

आमचं सल्ला केंद्र गुरुवारी, बाजारच्या दिवशी उघडं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षांमागं पावसाळ्याच्या तोंडाला, अशाच एका गुरुवारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पायात नवी कोरी चप्पल. आत या म्हटलं तरी येईना. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्कांनी मान वर करून बघितलं आणि त्यांच्या हातातली पावतीबुकाची पेन्सिल खाली पडली. आम्ही सगळ्यांनीच ओळखलं होतं.

हा माणूस एके काळी आपल्या भागात ‘दादा’ होता. भाऊ या अर्थाचा दादा नव्हे. माणगंगेच्या पात्रातून रात्री वाळू काढायची टोळी होती त्याची. आपली नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते, पण तिच्या वाळूत पाणी मुरतं, थांबतं, आणि त्यावर काठच्या विहिरी जगतात. वाळू गेली की विहिरीही गेल्या. हे बायकांना आधी कळलं, कारण घागरीला दोर जास्त लागायला लागला. पण रात्री दोन वाजता डंपर चालले की दाराला आतून कडी घालायची, हीच तेव्हाची रीत होती. एका रात्री पात्रात भांडण झालं, दुसऱ्या टोळीतला एक ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मारला गेला. बाविशीतलं पोरगं. दादाला जन्मठेप झाली. त्याच्या टोळीतला त्याचा उजवा हात माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण केंद्रावर नेहमी विचारतात. जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, असं सगळे समजतात. तसं नाही. जन्मठेप म्हणजे कायद्यानं जन्मभराचीच शिक्षा. खुनासारख्या गुन्ह्यात 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकार सुटकेचा विचारसुद्धा करू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पुढं सोडायचं की नाही, कधी सोडायचं, हे सरकार ठरवतं. दादा 16 वर्षांनी सुटला.

त्या 16 वर्षांत तो एकदाही रजेवर आला नव्हता. संचित रजा, म्हणजे ज्याला सगळे फर्लो म्हणतात, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, यांसाठी बाहेरच्या कुणीतरी जामीन राहावं लागतं, बहुतेक वेळा घरच्याच माणसानं, आणि गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. पहिली पाच वर्षं पोलिसांनीच नको म्हणून लिहिलं. पुढं जामीन राहायला घरचं कुणी उरलंच नाही. बायको आणि मुलगी गावातून गेल्या होत्या. कुठं, ते गावात कुणाला माहीत नव्हतं.

दारातच उभ्या उभ्या तो म्हणाला, “ताई, मला काही नको. तुमच्याकडं बायका येतात, तुम्हाला समदं ठाऊक असतं. माझी बायकू आन् पोरगी कुठं हाय, येवढं सांगा.”

आम्ही म्हणालो, “आम्हाला माहीत नाही.”

हे खोटं होतं. आम्हाला पक्कं माहीत होतं. पत्ता आमच्या कपाटातल्या निळ्या फाईलीत होता.

त्यानं थोडा वेळ आमच्याकडं बघितलं. मग म्हणाला, “बरं. मग ज्यानं त्यास्नी गावातनं हाकललं, त्याच्याकडनंच काढून घेतो.” आणि गेला. त्याचा उजवा हात म्हणून जो होता, त्याच्याबद्दल तो बोलत होता.

आता मागचं सांगतो.

त्याची बायको, तिला आपण वहिनी म्हणू, दर महिन्याला कोल्हापूरला कळंबा जेलात मुलाखतीला जायची. पहाटेची एस्टी, बरोबर चार वर्षांची पोर, डब्यात शेंगदाण्याची चटणी, जी आत घेऊन जाता यायची नाही आणि परतीच्या वाटेवर दोघींनी खायची. वीस मिनिटांच्या भेटीत त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “तो काय करतोय?” तो म्हणजे साक्षीदार झालेला मित्र. पोरीची इयत्ता त्याला कधी आठवली नाही. जेलमधून निरोप यायचे, टोळीतली उरलेली पोरं घरी यायची. हे ठेव, ते दे, त्याला सांग. शाळेत पोरीला दुसरंच नाव पडलं होतं, ते इथं उच्चारत नाही. पोर नऊ वर्षांची झाली त्या साली एका रात्री एक जण कोयता घेऊन आला आणि म्हणाला, दादांनी सांगितलंय, बाजरीच्या कणगीत ठेवा, लागंल तवा नेऊ. वहिनीनं ठेवून घेतला. सकाळी ती आमच्याकडं आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, “हे माझ्या पोरीच्या खाण्याच्या कणगीत हाय. मला जायचंय.”

तेव्हा आम्ही फारकतीचा विचार केला होता. हिंदू विवाह कायद्यात नवरा तुरुंगात आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट मिळत नाही, हे तेव्हा आम्हालाही वकीलबाईंकडून नव्यानं कळलं. नोंदणी पद्धतीनं, विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा हे कारण चालतं. मुस्लिम बायकांसाठी 1939चा जो कायदा आहे त्यातही नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा हे कारण आहे. आपल्या बाजूच्या मांडवातल्या लग्नाला मात्र क्रूरता सिद्ध करा, नाहीतर दोघांची संमती आणा. वहिनी म्हणाली, कागद राहू दे, आधी पोर बाहेर काढू.

तिचा चुलत भाऊ गलाईवाला. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात साऱ्या देशभर पसरलीत, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक घरातला एक जण तरी असा कुठंतरी लांब मुशीपुढं बसलेला. त्याच्या गावी जायचं ठरलं. आमच्या बचत गटातून 1,200 रुपये कर्ज काढलं. पहाटे पाचच्या एस्टीत तिला आणि पोरीला आम्हीच बसवून दिलं. तिनं कोयता कणगीतच ठेवला आणि घराला कुलूप लावलं.

म्हणजे दादाची बायकापोरं गावातून कुणी हाकलली नव्हती. ती आम्ही पाठवली होती. आणि हे गुपित आम्ही 11 वर्षं अभिमानानं सांभाळलं होतं.

आता बघा, अडचण काय झाली ती. तो सुटून आला आणि त्या गुपिताची किंमत तिसराच माणूस मोजणार, अशी वेळ आली. दोन गुरुवारांनी त्या मित्राची बायको आमच्याकडं आली, बाजाराची पिशवी घेऊन, कुणाला शंका नको म्हणून पिशवीत वर मेथीची जुडी. तिचा नवरा आता खडीच्या क्रशरचा मालक, ग्रामपंचायतीत मेंबर. म्हणाली, “बाई, तीन दिवस झालं, तो आमच्या समोरच्या टपरीवर येऊन बसतोय. चहा पितो, बघतो, आन् जातो. काय बोलत न्हाई. काय बोलला तर बरं होईल.” तिचा नवरा रात्री उशाला लोखंडी गज घेऊन झोपत होता. पोलिसांत जायला तयार नव्हता, कारण गेलो तर मी भ्यालो असं होईल. पुरुषांचं हे एक आम्हाला कधी कळलेलं नाही.

तिला आम्ही सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. खटल्यात साक्ष दिलेल्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या जिवाला धोका असेल तर 2018ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सुप्रीम कोर्टानं तिला मान्यता दिलेली आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढं अर्ज करायचा असतो. अर्ज घरच्या माणसालाही करता येतो. आम्ही मसुदा लिहून दिला. तिनं तो मेथीखाली ठेवला आणि गेली.

त्या रात्री आमची बैठक झाली. सहा जणी होतो. अशी भांडणं आमच्यात पूर्वी कधी झाली नव्हती. एकीचं म्हणणं, आपण वहिनीला शब्द दिलाय, पत्ता जाणार नाही. दुसरी म्हणाली, पत्ता देऊ नका, पण खरं काय झालं ते तरी सांगा, नाहीतर उद्या टपरीवर मुडदा पडेल आणि त्याचं पाप आपल्या निळ्या फाईलीत. तिसरीला भीती वाटत होती, तिनं ती लपवली नाही. म्हणाली, आपल्याला काय पोलीस संरक्षण आहे? आपली पोरं याच रस्त्यानं शाळेत जातात. आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, आधी वहिनीला फोन लावा. तिचं आहे ते तिला ठरवू द्या.

फोन लावला. वहिनी तिकडं गलाईच्या पोरांसाठी खानावळ चालवते. परमुलखात भाकरी मिळत नाही म्हणून सुरू केलेली, आता दोन वेळचे चाळीसेक डबे. मागं तव्यावरच्या भाकरीचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी भेटायची न्हाई. माझा पत्ता द्यायचा न्हाई. पण मी माझ्या पायानं गेले, ते त्यास्नी सांगा. दुसऱ्यानं पळवली असं म्हणाय लागले तर माझ्या जाण्याला काय किंमत राहिली?” पोरीचं पोरगी ठरवेल, ती आता वीस वर्षांची आहे, असंही म्हणाली. मग विचारलं, “बारीक झाल्यात का?”

पुढच्या गुरुवारी आम्ही त्याला निरोप धाडून बोलावलं. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात ओळखीच्या महिला हवालदार साध्या साडीत चहा पीत बसल्या होत्या, एवढी काळजी घेतली. या वेळी तो आत आला. बाकावर बसला. आम्ही सहाही जणी समोर. एखादीवर राग धरायला नको म्हणून सहाही.

आक्कांनी सांगितलं. कोयत्याचं, कणगीचं, पहाटेच्या एस्टीचं. “तुझ्या मित्रानं काही केलं नाही रे बाबा. ती आमच्याकडं आली, आम्ही तिला गाडीत बसवून दिली. तुला राग धरायचा तर आमच्यावर धर.”

तो खाली बघत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आम्हाला वाटत होतं आता हा बाक उचलेल. त्यानं विचारलं, “तिकिटाचं पैसं कुणी दिलं?”

आम्ही म्हणालो, गटातून कर्ज काढलं. 1,200.

“फेडलं?”

“सात महिन्यांत. मनीऑर्डरनं. व्याजासकट.”

तो हसला, म्हणजे तोंड हललं. म्हणाला, “तिचं तसंच हाय. कुणाचं ठेवायची न्हाई.” मग भिंतीकडं बघत म्हणाला, “अकरा वर्सं मी रोज रातीला त्याचं नाव घिऊन झोपलोय. जेलात लोकं देवाचं नाव घेत्यात. आता कुणाचं घिऊ?”

मग तो जेलबद्दल बोलायला लागला, आपण होऊन. कळंब्याला काही वर्षं अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू जेलात वळले जायचे, त्याची गोष्ट सांगितली. आटपाडीच्या स्वतंत्रपूरला जायची त्याची फार इच्छा होती. आपल्यातल्या तरुण मुलींना माहीत नसेल म्हणून सांगतो. औंध संस्थानात 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर, ज्यांना भारतानंद म्हणत, यांनी ही बिनभिंतींची वसाहत सुरू करवली. कैद्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. याच प्रयोगावरून शांतारामबापूंचा 1957चा ‘दो आँखे बारह हाथ’ निघाला, लिहिला आपल्या माणदेशच्या गदिमांनी. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. पण त्या वसाहतीत नवऱ्याच्या शिक्षेबरोबर स्वतः येऊन राहिलेली, खुरपणारी, रांधणारी बाई कुणाच्या ध्यानात राहत नाही. तिला कुठल्या कोर्टानं शिक्षा दिली होती? असो. दादा म्हणाला, “तितं बायकापोरांसंगं ऱ्हायाचं असतंय. मी एकटा जाऊन काय करू, म्हनून अर्जच केला न्हाई.”

एवढं सगळं तो बोलला, आणि आमच्यातली जी भित्री होती, जिनं आपली भीती लपवली नव्हती, तिनं अचानक विचारलं, “आणि त्या म्हातारीचं काय?”

“कोन म्हातारी?”

“ट्रॅक्टरवाल्या पोराची आई. अजून आहे ती. निराधारची पगार घ्यायला महिन्याला एकदा याच रस्त्यानं जाते. तुझी बायको गेली, तुझी पोरगी गेली, तुझ्या मित्रानं दगा दिला. दोन तास तू तेच सांगतोयस. तिचं एकदा पण नाव आलं नाही.”

आम्हाला वाटलं, हिनं आता हे कशाला काढलं. पण खरं तर आमच्याही बैठकीत, त्या एवढ्या भांडणात, त्या म्हातारीची आठवण कुणाला झाली नव्हती. तिनं कधी केंद्रावर येऊन काही मागितलं नाही, म्हणून तिची फाईल नाही.

तो उठला आणि नमस्कार न करता गेला. चप्पल विसरला. पुन्हा येऊन घेऊन गेला.

यानंतर तो टपरीवर बसायचा थांबला. लगेच नाही, आणखी दोनदा बसला होता, असं मित्राची बायको सांगते. तिनं अर्ज केला का, ते आम्ही विचारलं नाही. तिचा नवरा अजून गज घेऊनच झोपतो म्हणे. त्याला कुणी समजवायचं?

दादा आता एका डाळिंबाच्या बागेत राखणीला असतो. रात्रीचा जागा राहायची त्याला सवय आहे, असं बागमालक चेष्टेनं म्हणतो, ते आम्हाला आवडत नाही. म्हातारीकडं तो गेला होता. ती दारात आली, तिनं ओळखलं, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या महिन्यात तिच्या पत्र्यावर कुणीतरी फाटलेल्या जागी नवा पत्रा ठोकला. तिनं शेजाऱ्याला सांगून तो काढून टाकला. पावसाळाभर तिच्या घरात गळत होतं, आणि आमच्यातल्या काही जणींना वाटतं की तिनं बरोबर केलं. उरलेल्यांना वाटतं, गळक्या घरात राहून कुणाला काय दाखवायचं. यावर आमचं अजून एकमत नाही. तिची फाईल मात्र आता आहे. घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून कागद गोळा केलेत. ती म्हणाली, सरकारचं घेईन.

गेल्या दिवाळीनंतर केंद्राच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. वर फक्त ‘बाबांना द्यावे’ असं लिहिलेलं. मराठी अक्षर थोडं आडवंतिडवं, तिकडं दुसरीच भाषा शिकली ना पोरगी. आम्ही ते उघडलं नाही. निरोप दिला, तो दुपारीच आला. पाकीट हातात घेऊन बराच वेळ वरच्या दोन शब्दांवर अंगठा फिरवत बसला. मग आमच्यातल्या एकीपुढं धरून म्हणाला, “चष्मा न्हाई माझ्याकडं. वाचून दावता का?”

ती हात पुढं करणार होती. आक्कांनी अडवलं. म्हणाल्या, “सोमवारी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायचा कॅम्प आहे. चष्मा घे आणि तूच वाच.”

त्यानं पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं. सोमवारी कॅम्पात आम्ही नावं लिहायला होतोच. दादा रांगेत पस्तिसाव्या नंबरवर होता, सकाळी सातपासून.